बोर्डाला पाय हवेत : वाचकांचे प्रश्न

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्सची जुळणी करणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतील बहुतेक पत्रांत सर्किटच्या आकृतीविषयी तक्रार नाही. टेबलावर नीट चालणारे सर्किट पेटीत बसवल्यावर काही दिवसांत बंद पडते, असाच सूर त्यांत आहे. म्हणून या अंकात केवळ बोर्ड बसवण्यासंबंधीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबाग येथे राहते आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गच्चीवरील कुंड्यांना पाणी देण्यासाठी आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड), मातीतील ओलावा मोजणारा सेन्सर आणि छोटा पंप अशी जुळणी केली. सर्व बोर्ड प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला ग्लू गनने चिकटवले होते. मार्चअखेरपर्यंत सर्व सुरळीत होते. एप्रिलमध्ये डबा उघडला तेव्हा नॅनो सुटून तारांना लोंबकळत होता आणि पंपाकडे जाणारी तार सोल्डरपाशी तुटली होती. नॅनोला असलेली छिद्रे इतकी बारीक आहेत की त्यांत बसणारा स्क्रू सांगलीच्या बाजारात मिळाला नाही. तो कसा बसवावा?

उत्तर : ग्लू गनमधील गोंद हा मुळात वितळवून वापरायचा प्लास्टिकचा प्रकार आहे आणि तो साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पुन्हा मऊ पडू लागतो. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या बंद डब्याच्या आतील हवा बाहेरच्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापते, त्यामुळे तुमच्या डब्यात जे घडले ते घडणारच होते. गोंदाला मी नावे ठेवत नाही. तारांचा जुडगा जागेवर राहावा किंवा कनेक्टर हलू नये म्हणून त्याचा एखादा थेंब सोयीचा असतो. मात्र बोर्डाचा सर्व भार त्याच्यावर टाकू नये. दुहेरी चिकटणाऱ्या फोमच्या टेपलाही हेच लागू पडते. शिवाय बोर्डाखाली आलेल्या पिनांची टोके त्या फोममध्ये रुततात आणि खालचा पत्रा धातूचा असेल तर कालांतराने त्याला टेकतात.

तुमच्या पत्रातील खरी मेख मात्र तुटलेल्या तारेत आहे. बोर्ड सुटला म्हणून तार तुटली असे तुम्ही लिहिता. मला वाटते की बोर्ड सुटला नसता तरी ती काही महिन्यांत तुटलीच असती. सोल्डरचा जोड वीज वाहून नेण्यासाठी असतो, ओढ सोसण्यासाठी नसतो. अनेक बारीक तारांची लवचिक वायर सोल्डर केली की कथील तारांमधून काही मिलिमीटर वर चढते, तेवढा भाग कडक होतो, आणि जेथे कडक भाग संपून लवचिक भाग सुरू होतो नेमक्या त्या रेषेवर वायर वाकून वाकून तुटते. तेव्हा बोर्ड बसवण्याआधी वायर बांधावी : बोर्डापासून दोन-तीन सेंटिमीटरवर डब्यालाच एक आधार करून तेथे केबल टायने वायर आवळावी आणि तेथून बोर्डापर्यंतचा तुकडा किंचित सैल ठेवावा. डब्याबाहेरून कोणी वायर ओढली तर ती ओढ डब्यावर यावी, जोडावर येऊ नये, इतकाच यामागील हेतू आहे.

आता नॅनोविषयी. हा बोर्ड १८ बाय ४५ मिलिमीटरचा असून त्याच्या कोपऱ्यांतील छिद्रे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरची आहेत. त्यांत स्क्रू घालण्याचा खटाटोप करूच नये. ज्याला दुकानात ‘झिरो पीसीबी’ म्हणतात तो ठिपक्यांचा बोर्ड घ्यावा, त्यावर १५ पिनांच्या दोन फीमेल हेडर पट्ट्या (ज्यांच्या भोकांत पिना खोचता येतात अशा) १५.२४ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे मध्ये पाच घरे सोडून, सोल्डर कराव्यात आणि नॅनो त्यांत बसवावा. तीस पिनांची पकड त्या चिमुकल्या बोर्डाला पुरेशी असते. पंपाचा ट्रान्झिस्टर, सेन्सरचे स्क्रू टर्मिनल आणि डायोड हे सर्व याच झिरो पीसीबीवर घ्यावे म्हणजे मोकळ्या तारांची संख्याही घटते. नॅनो बिघडल्यास तो उपसून नवा बसवता येतो, हा आणखी एक लाभ.

झिरो पीसीबीला मात्र पाय द्यावे लागतात. ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी चारही कोपऱ्यांत ३.२ मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि छिद्राचा मध्य कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत घ्यावा, कारण तपकिरी रंगाचा स्वस्त बोर्ड कागद आणि फिनॉलिक रेझिनचा असतो आणि तो कडेला टवका उडून फुटतो. आधी २ मिलिमीटरचे बिट, मग ३.२ चे, असे टप्प्याने जावे. हिरवट-पिवळा, काचतंतूंचा बोर्ड बळकट असतो, परंतु त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने ड्रिल करताना तोंडाला मास्क बांधावा. हे सर्व काम सुटे भाग सोल्डर करण्यापूर्वी करावे.

येथे माझी एक जुनी चूक सांगणे उपयोगाचे ठरेल. बोर्ड घट्ट बसावा म्हणून मी एकदा प्रत्येक स्क्रूखाली लोखंडी वॉशर घातला आणि सर्किट चालू करताच पाच व्होल्टचा रेग्युलेटर हात लावू देईना. ३ मिलिमीटरच्या स्क्रूचा साधा वॉशर ७ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि झिरो पीसीबीवरील ठिपके २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे छिद्राभोवतीचे आठही ठिपके वॉशरच्या खाली किंवा त्याच्या कडेला येतात. त्यांपैकी दोन ठिपक्यांतून मी पाच व्होल्ट आणि ग्राउंड (विजेची परतीची बाजू) नेले होते. तेव्हापासून मी छिद्राभोवतीचे आठ ठिपके मोकळे ठेवतो आणि वॉशर नायलॉनचा किंवा फायबरचाच घालतो.

पायांसाठी पितळी किंवा नायलॉनचे षट्कोनी स्पेसर, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, मिळतात. न मिळाल्यास ठिबक सिंचनाच्या बारीक नळीचे समान लांबीचे तुकडे चालतात, फक्त ३ मिलिमीटरचा स्क्रू त्यातून सहज जातो हे दुकानातच पाहून घ्यावे. नळी मऊ असल्याने स्क्रू फार आवळू नये. उंची ५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, कारण सुट्या भागांच्या कापलेल्या पायांची टोके बोर्डाखाली दीड-दोन मिलिमीटर डोकावत असतात.

प्रश्न : वाळवा तालुक्यात नदीकाठी आमची उसाची शेती आहे. २०१९ च्या पुरात मोटरची जुनी पेटी पाण्याखाली गेली, म्हणून नवी पेटी उंच खांबावर घेतली आहे. मुलाने मोबाइलवरून मोटर चालू करण्यासाठी रिले मॉड्यूल (विजेवर चालणारा स्विच) आणि जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा बोर्ड) आणून पेटीतील पत्र्यावरच, स्टार्टरच्या शेजारी, बसवले. दर दोन-तीन महिन्यांनी रिलेच्या बोर्डाचा कोणता ना कोणता जोड सुटतो. बोर्ड बदलला तरी तेच होते. दोष बोर्डात आहे की बसवण्यात?

उत्तर : दोष बसवण्यात आहे असे तुमच्या वर्णनावरून वाटते. स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा चुंबकावर चालणारा मोठा स्विच, ओढला जातो तेव्हा होणारा ‘खट्’ असा आवाज आपण नेहमी ऐकतो. तो लोखंडी गाभ्यावर लोखंड आदळण्याचा आवाज असतो आणि तो दणका त्याच पत्र्यावर कसलेल्या प्रत्येक वस्तूपर्यंत पोहोचतो. रिलेसारखा वजनदार भाग आपल्या चार-पाच पायांवर उभा असतो, दर दणक्याला तो किंचित डोलतो, आणि शेवटी त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला बारीक वर्तुळाकार चीर पडते. भिंगाखाली पाहिल्यास ही चीर स्पष्ट दिसते.

त्यावर उपाय असा. बोर्ड स्टार्टरच्या पत्र्यावरून काढून पेटीच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या प्लास्टिकच्या तक्त्यावर घ्यावेत आणि तो तक्ता पेटीला रबरी ग्रोमेटवर (भोकात बसणाऱ्या रबरी कड्यांवर) बसवावा. स्क्रू रबर चेपून सपाट होईपर्यंत आवळला तर रबर घातले काय आणि न घातले काय, सारखेच. म्हणून ग्रोमेटच्या आत बसणारी धातूची छोटी नळी घालावी, म्हणजे स्क्रू नळीवर टेकतो आणि रबर मोकळे राहते. याहून सुटसुटीत हवे असल्यास ३५ मिलिमीटरची डिन रेल पट्टी लावून तिच्यावर बसणारे प्लास्टिकचे बोर्डधारक घ्यावेत. ही पट्टी विजेच्या साहित्याच्या बहुतेक दुकानांत मिळते आणि पुढे एखादा बोर्ड बदलायचा झाल्यास खांबावर चढून चार स्क्रू हाताळण्याची वेळ येत नाही.

स्क्रू आवळण्याची रीतही पाहावी. चार पाय अगदी एका पातळीत क्वचितच असतात. पहिले तीन आवळले आणि चौथ्याखाली अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर चौथा स्क्रू आवळताना बोर्डच पिळला जातो. बोर्ड वाकतो, पण त्याच्यावर सोल्डर केलेले तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर वाकत नाहीत, ते तडकतात; त्यातही स्क्रूच्या छिद्राजवळचे आधी. तडकलेला कपॅसिटर काही दिवस चालतो आणि मग आतल्या आत शॉर्ट होतो, त्यामुळे कारण सापडता सापडत नाही. म्हणून चारही स्क्रू आधी हाताने सैल बसवावेत, मग समोरासमोरचे कोपरे घेत थोडे थोडे आवळावेत आणि फट दिसल्यास तेथे पातळ फायबर वॉशर सरकवावा. कंपनाने स्क्रू सैल होऊ नये म्हणून नायलॉनचे कडे असलेला नट उत्तम. स्क्रूच्या आट्यांना लावायचे चिकट द्रावण प्लास्टिकजवळ वापरू नये, कारण त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

आता सुरक्षिततेविषयी, आणि हे मुलाला अवश्य वाचायला द्यावे. बाजारातील लहान निळ्या रिलेवर बहुधा २५० व्होल्ट एसी असे छापलेले असते. शेतीपंपाच्या अनेक थ्री-फेज स्टार्टरची कॉइल (कॉन्टॅक्टर ओढणारे तारेचे वेटोळे) मात्र ४१५ व्होल्टची असते. तुमच्या कॉइलवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे. ४१५ असल्यास ती कॉइल या रिलेवरून थेट चालवू नये, मध्ये योग्य क्षमतेचा दुसरा कॉन्टॅक्टर किंवा रिले घ्यावा आणि ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. रिले बोर्डाच्या ज्या अर्ध्या भागात मेन्सचा, म्हणजे मुख्य वीजपुरवठ्याचा, दाब येतो त्या बाजूला धातूचा स्पेसर वापरू नये. तेथे नायलॉनचा, निदान १० मिलिमीटर उंचीचा स्पेसर असावा आणि बोर्डाखाली फायबरचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा घालावा, म्हणजे एखादा जोड सुटून खाली लोंबला तरी पत्र्याला वीज येणार नाही. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग असलेच पाहिजे. पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवण्याची सवय लावावी. मोबाइलवर चालणाऱ्या मोटरला तुम्ही पेटीत हात घातला आहे हे कळत नाही.

बोर्ड उभा बसवावा आणि वायरची टर्मिनले खालच्या बाजूला यावीत. वायर पेटीत खालूनच, ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) घ्यावी आणि बाहेर तिला झोळासारखा बाक द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरवरून ओघळत आत न येता बाकाच्या तळाशी गळून पडते. न वापरलेली भोके बुजवावीत. पालींना उबदार पेटी फार आवडते आणि दोन टर्मिनलांमध्ये अडकलेली पाल मोटरही बंद पाडते.

प्रश्न : साताऱ्यातील एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी मुलांनी प्लायवूडच्या पाटावर आर्डुइनो उनो हा बोर्ड आणि ‘रास्पबेरी पाय’ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक बसवायचे ठरवले, पण छिद्रांची मापे जुळत नाहीत. एका पाटाला आतापर्यंत सात छिद्रे झाली.

उत्तर : उनोची चार छिद्रे आयताच्या कोपऱ्यांवर नाहीत, ती वेडीवाकडी आहेत, म्हणून लांबी-रुंदी मोजून आखणी केल्यास ती चुकणारच. बोर्ड आलेख-कागदावर ठेवून अणकुचीदार पेन्सिलने छिद्रांतून खुणा कराव्यात, कागद पाटावर चिकटवावा आणि ड्रिलपूर्वी प्रत्येक खुणेवर खिळ्याच्या टोकाने खड्डा करावा, म्हणजे बिट सरकत नाही. उनोला ३ मिलिमीटरचे स्क्रू चालतात, परंतु त्यातील एक छिद्र पिनांच्या काळ्या पट्टीला इतके खेटून आहे की स्क्रूचे डोके तेथे बसत नाही. तेथे लहान डोक्याचा नायलॉनचा स्क्रू घ्यावा किंवा ते छिद्र सरळ सोडून द्यावे. तीन पायांवर बोर्ड डगमगत नाही. उलट तीन बिंदू नेहमीच एका पातळीत असतात हे मुलांना याच निमित्ताने दाखवता येईल.

रास्पबेरी पायचे काम सोपे आहे. ८५ बाय ५६ मिलिमीटरच्या त्याच्या नेहमीच्या मोठ्या बोर्डावर छिद्रे ५८ बाय ४९ मिलिमीटरच्या आयतावर असतात, पण त्यांना अडीच मिलिमीटरचा स्क्रू लागतो, ३ चा नव्हे. ३ चा स्क्रू रेटून बसवू नये. छिद्र कोरून मोठे करण्याचा मोहही टाळावा, कारण बोर्डाच्या थरांत तांब्याचे मार्ग कोठून गेले आहेत ते वरून दिसत नाही.

प्रश्न : मी मिरजेत तंतुवाद्ये दुरुस्त करतो. हौसेने लाकडी पेटीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा जुळवला आहे. षड्ज वाजताना पेटीत कोठेतरी झणझण येते आणि पत्र्याची दर्शनी पट्टी लावल्यावर बारीक गुणगुणही ऐकू येते. आवाजाचे बटण आता खरखरते.

उत्तर : जवारी लावणाऱ्या कानाला ही झणझण किती बोचत असेल ते समजू शकतो. तुमच्या तीन तक्रारींची कारणे तीन आहेत, तरी तिन्ही बोर्ड बसवण्याशीच निगडित आहेत.

झणझण शोधण्यासाठी तोच स्वर सतत चालू ठेवून पेटीतील एकेक वस्तू बोटाने हलकेच दाबत जावी. आवाज थांबला की गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा तो बोर्ड नसून दोन बोर्डांमधील सैल वायर किंवा उंच कपॅसिटर असतो. वायर बांधावी, कपॅसिटरच्या पायथ्याशी न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनचा थेंब द्यावा. स्पीकर ज्या फळीवर आहे तिच्यावर बोर्ड कधीही बसवू नये. ती फळी तुमच्या वाद्याच्या तबलीसारखी कंप पावते. बोर्ड तळाच्या फळीवर, पायांखाली फेल्टच्या किंवा रबराच्या चकत्या घालून घ्यावा.

गुणगुण पत्र्याची पट्टी लावल्यावरच येते, यावरून ग्राउंड दोन ठिकाणी पत्र्याला मिळाले असावे असे वाटते. अनेक बोर्डांच्या स्क्रू-छिद्रांभोवती तांब्याचे कडे असते आणि ते ग्राउंडला जोडलेले असते. धातूच्या स्पेसरवरून एक जोड आणि बटणाच्या धातूच्या अंगातून दुसरा, असे वळे तयार झाले की ॲडॅप्टरची गुणगुण त्यात शिरते. मीटरवर तपासून एकच जोड ठेवावा आणि उरलेल्या ठिकाणी नायलॉनचे स्पेसर घालावेत. ॲम्प्लिफायरमध्ये टीडीए २०३० सारखी आयसी असेल तर तिच्या धातूच्या पाठीला ऋण पुरवठा जोडलेला असतो. धन-ऋण अशा दुहेरी पुरवठ्यावर चालवताना तिच्याखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश घातल्याखेरीज हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पत्र्याला लावू नये.

खरखरीचे मूळ बहुधा असे आहे : बटणाचा नट दर्शनी पट्टीला, बटणाचे पाय बोर्डात, आणि बोर्ड पुन्हा तळाला स्क्रूने. दोन्हीकडून धरलेल्या वस्तूची मापे अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी तो ताण बटणाच्या तीन पायांवर येतो. बटणाचे पाय बोर्डात घालून ठेवावेत, बोर्ड स्क्रूने बसवावा, बटणाचा नट आवळावा आणि सर्वांत शेवटी पाय सोल्डर करावेत. आताच्या बटणाचे पाय सैल झाले असतील तर ते बदलावे लागेल. सोल्डर पुन्हा तापवून उपयोग होणार नाही.

प्रश्न : महाबळेश्वरजवळ आमच्या घरी ईएसपी ३२ या वायफाय असलेल्या नियंत्रक मॉड्यूलवर आधारलेले पर्जन्यमापक आहे. बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवून सर्व फटी सिलिकॉनने बंद केल्या. तरी जुलैत बोर्डावर हिरवी बुरशीसारखी पुटे आली आणि वायफायही सुटत राहते.

उत्तर : ती बुरशी नसून तांब्याचा गंज आहे. लावताना व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि बंद डब्यात ते आम्ल तांब्यावर बसते. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे आणि डबा दोन दिवस उघडा ठेवून मगच बंद करावा.

तुमच्याकडील पावसात डबा पूर्णपणे हवाबंद करण्याचा हट्ट मात्र सोडावा. दिवसा आतील हवा प्रसरण पावून फटीतून बाहेर जाते, रात्री थंड होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि ते पाणी आतच साचते. तळाला २-३ मिलिमीटरचे एक भोक ठेवून त्याला बारीक जाळी लावावी. बोर्ड डब्याच्या तळावर नको, उभा आणि वरच्या बाजूला हवा. त्यावर ॲक्रिलिकचा संरक्षक लेप फवारावा. फवारण्यापूर्वी कनेक्टर, बटणे आणि आर्द्रतेच्या सेन्सरचे तोंड कागदी टेपने झाकावे.

वायफायसाठी डबाच बदलावा लागेल. पत्र्याच्या डब्यात ॲन्टेना म्हणजे रांजणात ठेवलेला दिवा. प्लास्टिकचा डबा घ्यावा, मॉड्यूलवरील नागमोडी रेषांची, म्हणजे ॲन्टेनाची, बाजू बोर्डाच्या कडेबाहेर येईल अशी ठेवावी आणि तिच्या सर्व बाजूंना निदान १५ मिलिमीटरपर्यंत स्क्रू, स्पेसर किंवा बॅटरी येऊ देऊ नये.

प्रश्न : कराडमध्ये मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर पेटी छापून घेतली. तिच्यातील खांबांत स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की आटे झिजतात. काय करावे?

उत्तर : पेटी वारंवार उघडायची नसेल तर प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू पुरतो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोक २.५ मिलिमीटर, खांबाचा बाहेरील व्यास निदान ७, आणि पुन्हा घालताना स्क्रू आधी थोडा उलटा फिरवून जुना आटा सापडू द्यावा. वारंवार उघडायची असेल तर तापवून बसवायची पितळी बुशिंगे घ्यावीत; सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने ती सावकाश, सरळ दाबावीत. ती नसल्यास खांबाच्या तळाशी नटाचा षट्कोनी खड्डा छापावा. ३ मिलिमीटरच्या स्क्रूचा नट सपाट बाजूंमध्ये ५.५ मिलिमीटर असतो, खड्डा ५.७ ठेवावा. पेटी उन्हात जाणार असेल तर छपाईसाठी पीएलए हे प्लास्टिक वापरू नये, ते ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते, त्याऐवजी पीईटीजी हे प्लास्टिक घ्यावे.